दोन पूर आणि एक चकती

१

गेल्या वर्षी आषाढात, रात्री साडेदहाच्या सुमारास, माझ्या टेबलावरून टक् टक् असा आवाज येऊ लागला. बाहेर पाऊस होता. पाल चुकचुकते आहे, असे घरातले म्हणाले आणि मलाही आधी तेच वाटले. पण पालीला अशी लय नसते. तीनदा टक्, मग क्षणभर शांतता, मग काहीतरी पुन्हा फिरू लागल्याची घरघर आणि पुन्हा तीनदा टक्. आवाज भिंतीवरून येत नव्हता, माझ्या बारा वर्षे वापरलेल्या लॅपटॉपच्या पोटातून येत होता. पडद्यावर उघडलेला मोडी कागदाचा फोटो अर्धाच आला होता. खालचा अर्धा भाग राखाडी.

तो कागद कुठला, हे सांगितल्याशिवाय माझ्या छातीत का धस्स झाले ते कळायचे नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावी, एका कुलकर्णी घराण्याच्या वाड्यात मी बारा दिवस जाऊन बसत होतो. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या आणि त्यांत रुमालात बांधलेले दफ्तर. गावाचे जमाखर्च, वसुलाच्या याद्या, पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांवरून झालेला एक जुना तंटा आणि त्याचा महजर. एखाद्या मोठ्या लढाईचा किंवा मोठ्या माणसाचा उल्लेख त्यात नव्हता. पण एका गावाने शंभर वर्षे आपले पाणी कसे वाटून घेतले, हे त्यातून दिसत होते. घरातले वडीलधारे गृहस्थ ऐंशी ओलांडलेले. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, कागद उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत. दुसरी, "फोटो काढाल त्यांचा एक संच आम्हालाही द्यायचा, बरं का." मी हो म्हणालो. एकूण ३,८४६ फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपमध्ये उतरवले. कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून पुढच्या कामाला लागलो. संच द्यायचा राहिला.

दोन वर्षांनी वाडा विकला गेला. ट्रंका सांगलीतल्या एका नातलगाच्या तळमजल्यावर गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, ते दिवसेंदिवस उतरले नाही. ट्रंका उघडल्या तेव्हा आत कागद नव्हते, लगदा होता. हातकागद बराच चिवट असतो, पण गाळाच्या पाण्यात इतके दिवस त्याचाही टिकाव लागत नाही. म्हातारबाबा त्याआधीच गेले होते. म्हणजे त्या दफ्तराचे जगात एकच रूप उरले होते, आणि ते माझ्या लॅपटॉपमध्ये टक् टक् करत होते.

गेली वीस वर्षे मी गावोगाव सांगत आलो आहे की, जुने कागद जाळू नका, नदीत सोडू नका, रद्दीत घालू नका. वाळवीवर आणि कसरीवर लेख लिहिले आहेत. त्या रात्री लक्षात आले की, एकमेव प्रत एकाच जागी ठेवण्याचा जो दोष मी इतरांना देत होतो, तोच माझ्या टेबलावर बारा वर्षे चालू होता. पुढचे काही महिने मी या चकतीचाच इतिहास धुंडाळला. जे माध्यम आपण आज दफ्तर म्हणून वापरतो, त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा हेतू.

२

हार्ड डिस्क जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन होजे या गावी. आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये तिथे एक छोटी प्रयोगशाळा काढली आणि रेनॉल्ड जॉन्सन यांच्याकडे सोपवली. जॉन्सन मूळचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या उत्तरपत्रिका आपोआप तपासणारे यंत्र त्यांनी आधी बनवले होते. तेव्हा कचेऱ्यांचा सगळा हिशेब भोके पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीची अडचण पोथीच्या गुंडाळीसारखी: शेवटची ओळ हवी असेल तर सगळी उलगडा. हवी ती नोंद थेट उचलता यावी, हा या प्रयोगशाळेपुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर सप्टेंबर १९५६ मध्ये 'रामॅक' या नावाने जगापुढे आले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एका उभ्या दांड्यावर रचलेल्या, मिनिटाला बाराशे फेरे घेणाऱ्या. सगळ्या यंत्राचे वजन टनाच्या पुढे आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची. आजच्या हिशेबाने चार मेगाबाइटसुद्धा नाही. माझ्या संचातला एक फोटो त्यात जेमतेम मावला असता. चकतीवर चुंबकीय लेप सारखा बसावा म्हणून केलेल्या खटपटीही मजेदार आहेत. नायलॉनच्या पायमोज्यातून गाळलेला लेप कागदी पेल्यातून फिरत्या चकतीच्या मध्यावर ओतायचा, म्हणजे तो आपोआप कडेपर्यंत पसरतो, अशी युक्ती तिथल्या मंडळींनी काढल्याचे सांगतात. मोठ्या यंत्रांचे बाळपण बहुधा असेच घरगुती असते.

खरी मेख मात्र लेपात नव्हती, अंतरात होती. चकतीवरची खूण वाचणारे शीर्ष, म्हणजे 'हेड', चकतीच्या अगदी जवळ असावे लागते, पण तिला टेकता कामा नये. रामॅकमध्ये दाबलेली हवा सोडून हे अंतर राखत. ते होते सुमारे वीस मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाइतके. पुढे १९६० नंतरच्या यंत्रांत बाहेरून हवा सोडण्याची गरज उरली नाही. फिरत्या चकतीबरोबर जी हवा ओढली जाते, तिच्याच पातळ थरावर शीर्ष तरंगू लागले. १९७३ मध्ये आयबीएमनेच 'विंचेस्टर' या टोपणनावाची रचना आणली. चकत्या आणि शीर्षे एकाच बंद पेटीत, शीर्षे वजनाने हलकी, आणि यंत्र थांबले की ती चकतीवरच अलगद उतरणार. आजच्या हार्ड डिस्कचे घराणे या विंचेस्टरपासून सुरू होते. १९८० मध्ये सीगेट कंपनीची सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क आली आणि हे यंत्र खोलीभर पसाऱ्यातून टेबलावर आले. १९८८ पर्यंत अडीच इंची चकती निघाली आणि ती लॅपटॉपात शिरली.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे असे आढळले की, अणूंच्या काही थरांइतके पातळ धातू एकावर एक रचले, तर चुंबकीय क्षेत्राच्या बारीकशा फरकानेही त्यांचा विद्युतरोध खूप बदलतो. या शोधावर बेतलेली शीर्षे १९९७ मध्ये बाजारात आली. खूण कितीही पुसट झाली तरी ती वाचता येऊ लागली, आणि म्हणून ती आणखी लहान काढता येऊ लागली. दोघांना २००७ चे नोबेल मिळाले. तुमच्या-माझ्या घरात हजारो फोटो साठवण्याची ऐपत आली ती या शोधामुळे.

पण खूण लहान व्हायची तर शीर्षाला आणखी खाली यावे लागते. माझ्या लॅपटॉपातली चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्या कडेचा वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या घरात जातो, सरळ रस्त्याला लागलेल्या एसटीइतका. आणि या वेगाने धावणाऱ्या पृष्ठभागावर शीर्ष तरंगत असते काही नॅनोमीटर अंतरावर. हे अंतर केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरते. उदबत्तीच्या धुराचा कणसुद्धा या फटीपुढे धोंडा ठरतो. जवळपास पन्नास वर्षांत आपण क्षमता लाखोपटींनी वाढवली आणि सुरक्षित अंतर हजारोपटींनी कमी केले. बारा वर्षे ती चकती चालली, याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे.

३

चकती जाणार हे आधी कळते का? कळावे अशी सोय केलेली आहे. १९९० च्या दशकात कंपन्यांनी मिळून 'स्मार्ट' नावाची पद्धत ठरवली. डिस्क स्वतःची नाडी स्वतःच पाहत राहते: किती जागा वाचता आल्या नाहीत, किती खराब जागांऐवजी राखीव जागा वापराव्या लागल्या, किती तास चालली. आकडे ठरावीक मर्यादेबाहेर गेले की संगणक सुरू होतानाच इशारा देतो.

मला असा इशारा दोन महिने आधी मिळाला होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली: डिस्क निकामी होण्याचा संभव आहे, बॅकअप घ्या, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. मी रोज सकाळी एफ-वन दाबत होतो. मराठ्यांच्या इतिहासात वेळेवर आलेल्या आणि वाचूनही बाजूला ठेवलेल्या पत्रांची उदाहरणे मी उत्साहाने सांगत असतो. त्यात हे एक घालायला हरकत नाही.

मात्र इशारा आला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असेही नव्हे. फेब्रुवारी २००७ मध्ये एका परिषदेत दोन निबंध वाचले गेले. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. वाचताना पहिली चूक आढळल्यावर पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याचा संभव, निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट होता. म्हणजे इशारा खरा. पण त्याच निबंधात हेही होते की, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. त्या न सांगता गेल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांच्या दुसऱ्या निबंधाने कंपन्यांच्या दाव्यांना हात घातला. छापील पत्रकावरून वर्षाला शेकडा एकाहूनही कमी डिस्क बदलाव्या लागाव्यात, असा हिशेब निघत होता. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के बदलल्या जात होत्या, आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त. ही परिषद भरली होती सॅन होजेमध्ये. जिथे यंत्र जन्मले, त्याच गावी पन्नास वर्षांनी त्याच्या मरणाची गणती झाली.

इथे पहिल्या पुराची गोष्ट सांगायला हवी. लॅपटॉप घेतला त्याच सुमारास, २०१२ च्या आरंभी, बॅकअपसाठी बाहेरून जोडायची डिस्क घ्यायची असे मी ठरवले होते. दुकानात गेलो तर किंमत भलतीच वाढलेली. दुकानदार म्हणाला, थायलंडला पूर आलाय. मला ती थाप वाटली. ती थाप नव्हती. २०११ च्या पावसाळ्यात चाओ फ्राया नदीला आलेल्या पुराने अयुथ्या आणि पथुम थानी भागातल्या औद्योगिक वसाहती बुडाल्या होत्या. हार्ड डिस्क आणि तिच्या मोटारी बनवणारे मोठे कारखाने तिथेच होते. जगभर टंचाई झाली, भाव चढले. स्वस्त झाली की घेऊ, असे म्हणून मी परतलो. भाव पुढे उतरलेही. माझे घ्यायचे ते राहूनच गेले. म्हणून एका नदीच्या पुराने माझी दुसरी प्रत अडवली आणि दुसऱ्या नदीच्या पुराने अस्सल नेले, असे मला कधी कधी वाटते. पण मधल्या सात वर्षांचा दोष कोणत्याच नदीवर टाकता येत नाही.

४

त्या रात्री मी एकच गोष्ट बरोबर केली, आणि तीही नकळत. घाबरून यंत्र बंद केले. सकाळी तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या तरुणाकडे गेलो. त्याने कानाशी धरण्यासाठीही ते चालू केले नाही. "काका, परत चालू करून बघितलं नाही ना? मग आशा आहे."

मधल्या काळात सल्ले बरेच मिळाले. डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, असे दोघांनी सांगितले. आषाढातल्या दमट हवेत थंडगार चकती बाहेर काढली तर तिच्यावर दव धरणार, आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे कपाळमोक्ष. संगणकातलाच दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा, असे एकाने सुचवले. तो प्रोग्राम डिस्क धडधाकट आहे असे धरून चालतो आणि मोडक्या यंत्राकडून उलट जास्त काम करून घेतो, शिवाय तिच्यावर नवे लिहितोही. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने धूळविरहित खोलीत डिस्क उघडून पाहण्याचा जो खर्च सांगितला, तेवढ्यात माझे दोन वर्षांचे कागद-कॅमेरा-प्रवास झाले असते.

दुकानातल्या तरुणाने वेगळा मार्ग धरला. खालचे झाकण काढून डिस्क बाहेर घेतली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि एक टेराबाइटची कोरी डिस्क मला विकत आणायला लावली. मग 'डीडी-रेस्क्यू' नावाचा प्रोग्राम चालवला. अँटोनियो डियाझ डियाझ यांनी २००४ पासून घडवलेले हे साधन कोणालाही फुकट वापरता येते. त्याची रीत मला फार शिकण्यासारखी वाटली. ते फायली शोधत बसत नाही. सगळी चकती जशीच्या तशी, आरंभापासून अखेरपर्यंत, दुसरीकडे उतरवू लागते. जिथे अडते तिथे झगडत नाही. जागा नोंदवून पुढे उडी मारते. चांगला भाग आधी हाती येतो. मग ते मागे वळते, अडलेल्या भागाच्या कडा तासते, आणि सर्वांत शेवटी एकेक कण खरवडून पाहते. यंत्र केव्हाही मरू शकते, हे धरूनच कामाचा क्रम लावलेला. शिवाय या सगळ्याचा एक नकाशा ते लिहीत जाते: इथपासून इथपर्यंत वाचले, इथे वाचता आले नाही. वीज गेली तरी नकाशावरून काम पुढे चालू होते.

पोखरलेल्या कागदाचे वाचन करणारा संपादक हेच करतो. लागते तेवढे आधी लिहून घ्यावे, अडलेल्या शब्दावर दिवस घालवू नये, पुन्हा फिरून यावे, आणि जे लागलेच नाही तिथे टिंबे देऊन 'फाटले' असे प्रामाणिकपणे लिहावे. आपल्या मनचा शब्द घालू नये. मला हे शिकायला दहा वर्षे लागली होती.

पहिला फेरा एक्केचाळीस तास चालला. खरवडण्याचे काम आणखी दोन दिवस. चौथ्या दिवशी दुपारी चकती एकदा घरघरली आणि नंतर कोणत्याच संगणकाने तिला ओळखले नाही. तोवर न वाचलेला भाग सत्तावीस मेगाबाइटवर आला होता. पाचशे गिगाबाइटमध्ये सत्तावीस मेगाबाइट म्हणजे काहीच नाही, असे तो तरुण आनंदाने म्हणाला. तेही खरेच होते. ३,८४६ पैकी ३,८२९ फोटो पूर्ण मिळाले. नऊ अजिबात उघडत नाहीत. आठ अर्धवट उघडतात.

सगळे मिळाले म्हणजे सगळे वाचता आले, असे मात्र नाही. त्याच डिस्कवर मी २००३ च्या सुमारास डीटीपी केंद्रात टाइप करून घेतलेली काही लिप्यंतरे होती. फायली शाबूत, पण उघडल्यावर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. तेव्हा प्रत्येक फॉन्टची अक्षरयोजना वेगळी असे, आणि तो फॉन्ट आता माझ्याकडे नाही. चकती टिकली आणि लिपी हरवली, असा हा प्रकार. मोडीलाही युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २०१४ मध्ये.

आणि त्या आठ अर्धवट फोटोंपैकी एक महजराच्या शेवटच्या पानाचा होता. तोच, जो त्या रात्री पडद्यावर अर्धा आला होता. महजराचा निवाडा वरच्या भागात असतो, तो वाचला. खालच्या भागात साक्षी असतात. पाटील, चौगुला, मग शेतकरी आणि बलुतेदार. ज्याला लिहिता येत नाही तो नावापुढे आपल्या धंद्याचे हत्यार काढतो. कुणब्याचा नांगर सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्या पानावरच्या अकरा ओळी गेल्या. निवाडा राहिला, पण तो ज्यांच्या समोर झाला ती माणसे गेली. पाटाचे पाणी कोणाच्या पाळीत किती, हे त्यांनीच तर ठरवले होते.

५

आपल्याकडे प्रत जपण्याचे शहाणपण नव्हते, असे नाही. जुन्या इनामाच्या सनदा पाहा. शेवटी बहुधा अधिकाऱ्याला एक आज्ञा असते: या पत्राची प्रत उतरून दफ्तरी ठेवा आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धारकाला परत द्या. अस्सल एका घरी, नक्कल दुसऱ्या ठिकाणी. सरकारी दफ्तर जळाले तरी धारकाच्या पेटीत पत्र असे, आणि वाडा पडला तरी दफ्तरात नक्कल सापडे. शनिवारवाडा १८२८ मध्ये कित्येक दिवस जळत होता, तरी मराठेशाहीचा इतिहास लिहिता आला, त्यामागे कागद अनेक ठिकाणी पांगलेले असणे हेही एक कारण आहे.

महानुभाव परंपरेत 'लीळाचरित्रा'ची जी हकीकत सांगतात ती याहून बोलकी आहे. म्हाइंभटांची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत लुटीत गेली. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ झाले. पाठभेद हा अभ्यासकाला डोकेदुखी वाटतो. पण ज्या ग्रंथाला पाठभेद आहेत, तो एकापेक्षा अधिक जागी जिवंत होता, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढला आणि पुढे असे बावीस खंड छापले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. या लोकांचा आपण संग्राहक म्हणून गौरव करतो. आज मला त्यांची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. हाती आलेला कागद त्यांनी छापला. छापताच तो शेकडो कपाटांत गेला, आणि त्यांतल्या कितीही कपाटांना वाळवी लागली तरी कुठेतरी तो उरणार, ही व्यवस्था झाली. फोटो काढून लॅपटॉपात ठेवणे म्हणजे जतन केले, ही माझी समजूत चुकीची होती. मी फक्त ट्रंक बदलली होती. तीही पत्र्याच्या ट्रंकेपेक्षा कमी आयुष्याची.

आता त्या संचाच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक आमच्या तालुक्याच्या वाचनालयात, आणि एक पुण्याला, त्या म्हातारबाबांच्या मुलीकडे. दर गुढीपाडव्याला तिन्ही उघडून पाहायच्या आणि पाच-सात वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायच्या, असे वहीत लिहून ठेवले आहे. महत्त्वाच्या चाळीस कागदांचे बाळबोध लिप्यंतर छापून त्याच्या प्रती पाच ठिकाणी दिल्या.

मुलीकडे संच घेऊन गेलो तेव्हा मी माफी मागितली. नऊ वर्षे उशीर झाला होता. त्या म्हणाल्या, "बाबा विचारायचे हो, ते मास्तर फोटो देणार होते म्हणून." मी मास्तर नाही, पण दुरुस्ती केली नाही.

निघण्याआधी त्यांना महजराचे ते पान दाखवले. गेलेल्या अकरा ओळींपैकी चार मला परत मिळाल्या आहेत. २०१५ मध्ये वाड्यात वीज गेली की वेळ घालवायला मी काही नावे शंभरपानी वहीत पेन्सिलीने उतरवून ठेवत असे. त्या वहीत सुतार, चांभार, परीट आणि गुरव ही चार नावे सापडली. सुताराच्या नावापुढे मी त्याच्या हत्याराचे वेडेवाकडे चित्रही काढले होते. उरलेल्या सात ओळींच्या जागी छापील पानात टिंबे आहेत आणि खाली टीप आहे: फोटो खराब, मूळ कागद उपलब्ध नाही.